लंडनमध्ये चोर कोणाच्या खर्चाने पकडला जात असे?

प्रश्न असा आहे : १८२९ पूर्वी लंडनमध्ये पोलीस दल नव्हते, तर युरोपातल्या त्या सर्वांत मोठ्या शहरात चोर पकडत कोण होते, आणि गृहमंत्री रॉबर्ट पील यांचे नवे दल रस्त्यावर आल्यानंतर गुन्हे खरोखर कमी झाले का? मी तीस वर्षांहून अधिक काळ पोलीस खात्यात काढला. त्यातली शेवटची काही वर्षे प्रशिक्षणार्थींना शिकवण्यात गेली, आणि ओल्ड बेली न्यायालयाचे जुने छापील खटले वाचण्याची सवय तेव्हा जी लागली ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. त्या वाचनावरून आणि स्वतःच्या नोकरीवरून माझे मत असे झाले आहे की, रस्त्यावर किती शिपाई उभे होते हे मोजत बसण्यापेक्षा चोर पकडण्याचा आणि खटला चालवण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जात होता हे पाहिले, तर लंडनचा सगळा इतिहास उलगडतो. प्रश्नाच्या दोन्ही भागांचे उत्तर मी त्याच अंगाने देतो.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचा कारभार डझनावारी पॅरिशांमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दींप्रमाणे आखलेल्या विभागांमध्ये, वाटलेला होता. प्रत्येक पॅरिशमध्ये एक वर्षासाठी नेमलेला बिनपगारी कॉन्स्टेबल असे. तो मुळात चांभार, सुतार, दुकानदार असा कोणीतरी घरमालक असायचा, स्वतःचा धंदा सांभाळून हे काम करायचा आणि जमले तर पैसे देऊन बदली माणूस उभा करायचा. रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी १२८५ च्या विंचेस्टर कायद्यापासून रहिवाशांवर होती. १७३५ मध्ये वेस्टमिन्स्टरमधल्या दोन श्रीमंत पॅरिशांनी पार्लमेंटकडून कायदा करून घेतला आणि रहिवाशांवर पट्टी बसवून पगारी पहारेकरी ठेवले. त्यांचे पाहून इतरांनीही तेच केले. म्हणजे पील यांच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीपासून लंडनच्या रस्त्यावर रात्री पगारी माणसे उभी होती. म्हाताऱ्या, झोपाळू पहारेकऱ्याचे जे चित्र आपल्यापर्यंत आले आहे, ते बरेचसे सुधारणेची बाजू मांडणाऱ्यांनी रंगवलेले आहे. चांगल्या पॅरिशांचे पहारे चांगले होते, इतके की १८२९ नंतर काही रहिवाशांनी तक्रार केली की, आमच्या गल्लीत पूर्वी जास्त माणसे असायची.

पण या पहारेकऱ्याचे काम कुठे संपत होते, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. समोर सापडलेल्या संशयिताला धरायचे, रात्रभर चौकीत ठेवायचे, सकाळी मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे, एवढेच ते काम होते. घरात चोरी झाली आणि चोर निघून गेला, तर त्याचा माग काढणे हे कोणाच्याच नेमून दिलेल्या कामात बसत नव्हते. ज्याची चोरी झाली त्यानेच विचारपूस करायची, सोनार आणि गहाणवट घेणारे यांच्याकडे चकरा मारायच्या, चोर सापडला तर मॅजिस्ट्रेटकडून वॉरंट काढायचे आणि कारकुनाची फी भरायची, आरोपपत्र लिहून घ्यायला पैसे मोजायचे, साक्षीदार गोळा करायचे आणि ओल्ड बेलीच्या सत्रात आपली पाळी येईपर्यंत धंदा बंद ठेवून दिवसेंदिवस बसून राहायचे, अशी रीत होती. खटल्याचा फिर्यादी आणि खटला चालवणारा एकच, म्हणजे चोरी झालेला माणूस. १७१३ च्या कायद्याने राहत्या घरातून चाळीस शिलिंग किंवा अधिक किमतीचा माल चोरला तर फाशी होती. त्यामुळे शेजारच्या पोराला किंवा घरच्या मोलकरणीला फासावर पाठवायचे नाही म्हणूनही पुष्कळ लोक गप्प बसत. जे कोर्टात जात त्यांच्या खटल्यांत ज्युरी मुद्दाम मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवत आणि आरोपीचा जीव वाचवत. जुने खटले वाचताना हा एकोणचाळीसचा आकडा इतक्या वेळा येतो की, ज्युरीने मनात काय ठरवले होते ते न सांगता कळते.

या सगळ्यातून माणसाला हवे काय असे? त्याला त्याची वस्तू हवी असे. ठाण्यात माझ्यासमोर बसून कितीतरी लोकांनी म्हटले आहे, "साहेब, केस-बिस काही नको, माझी वस्तू तेवढी मिळवून द्या." लंडनच्या माणसाचेही तेच म्हणणे होते, आणि त्याच गरजेवर जोनाथन वाइल्ड नावाच्या माणसाने आपला धंदा उभा केला.

वाइल्ड उघडपणे कचेरी थाटून बसला होता. चोरी झालेल्याने त्याच्याकडे जायचे, वर्णन नोंदवायचे, थोडी फी द्यायची आणि काही दिवसांनी बक्षिसाची रक्कम घेऊन यायचे, की माल परत मिळत असे. माल मिळत असे कारण चोर त्याच्याच ताब्यातले होते. जो चोर त्याचे ऐकत नसे त्याला तो पकडून देत असे, आणि फाशी झाली की सरकारचे बक्षीसही त्यालाच मिळत असे. गुन्हे कसे आटोक्यात आणावेत याबद्दल प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, त्याचा सल्ला घेतला होता, यावरून तो किती वर चढला होता ते दिसते.

त्याचा शेवट ज्या खटल्यात झाला तो जरा जवळून पाहण्यासारखा आहे. जानेवारी १७२५ मध्ये होबर्न भागात कॅथरीन स्टेथम नावाच्या लेस विकणाऱ्या बाईच्या दुकानातून पन्नास यार्ड लेस चोरीला गेली. लेसची किंमत चाळीस पौंड होती. चोरी करणारे एक पुरुष आणि एक बाई, आणि त्यांनी कोर्टात सांगितले की वाइल्ड स्वतः दुकानापर्यंत बरोबर आला होता. दुकानदारीण नेहमीप्रमाणे वाइल्डच्याच कचेरीत गेली. पुढे फेब्रुवारीत वाइल्ड वेगळ्या प्रकरणात न्यूगेट तुरुंगात पडला. तरी १० मार्चला त्याने तिला तुरुंगात बोलावून घेतले, दहा गिन्या (एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग) आणायला सांगितले, त्या एका हमालाकडे द्यायला लावल्या आणि लेसची पेटी तिच्या हाती आली. तुमच्या श्रमांचे काय द्यायचे, असे तिने विचारले, तेव्हा त्याने स्वतःसाठी काही नको, गरिबांची कामे मी अशीच करतो, अशा अर्थाचे उत्तर दिले. मे महिन्यात खटला चालला. चोरीच्या वेळी तो दुकानात शिरला नव्हता म्हणून चोरीच्या आरोपातून सुटला. पण चोराला पकडून न देता चोरीचा माल परत करण्याबद्दल पैसे घेणे हा १७१८ च्या कायद्याने फाशीचा गुन्हा झाला होता, आणि त्या दहा गिन्यांसाठी त्याला दोषी ठरवले गेले. २४ मे १७२५ रोजी टायबर्न येथे त्याला फाशी दिली.

या खटल्यात माझे लक्ष वाइल्डपेक्षा त्या बाईकडे जास्त जाते. माल मिळावा म्हणून ती आपणहून दहापेक्षा जास्त गिन्या द्यायला तयार होती. तिच्या दृष्टीने तो सरळ व्यवहार होता, कारण दुसरा दरवाजाच तिला माहीत नव्हता.

वाइल्ड गेला, पण बक्षिसांची पद्धत राहिली. वाटमाऱ्याला दोषी ठरवून देणाऱ्यास १६९२ च्या कायद्याने चाळीस पौंड मिळत. लंडन आणि आसपासच्या रस्त्यांवरच्या लुटीसाठी १७२० पासून शाही जाहीरनाम्याने वेळोवेळी आणखी शंभर पौंड देऊ केले जात. मजुराला हे पैसे मिळवायला अनेक वर्षे राबावे लागले असते. शिवाय १६९९ च्या कायद्याने काही चोऱ्यांमध्ये शिक्षा मिळवून देणाऱ्यास एक दाखला मिळे. तो ज्याच्याकडे असेल त्याला पॅरिशच्या कॉन्स्टेबलकीसारख्या सक्तीच्या कामांतून सूट असायची. हे दाखले बाजारात विकले जात. ज्या सरकारला पगारी तपास अधिकारी ठेवायचे नव्हते, त्या सरकारने खासगी माणसांना लालूच दाखवून तपास करून घेण्याची ही रीत होती, आणि तिचे फळ १७५४ मध्ये समोर आले. स्टीफन मॅकडॅनियल आणि त्याचे साथीदार तरुण पोरांना लुटीच्या बेतात ओढत, आपलाच माणूस लुटला जाई, दुसरा माल विकत घेई, तिसरा पोरांना पकडून देई आणि बक्षीस वाटून घेतले जाई. ब्लॅकहीथच्या जोसेफ कॉक्स नावाच्या कॉन्स्टेबलने हा कट उघडकीला आणला. १७५६ मध्ये टोळीतल्या दोघांना स्मिथफील्डच्या चौकात खोड्यात अडकवून उभे केले, तेव्हा जमलेल्या लोकांनी इतकी दगडफेक केली की त्यातला एक जागीच मेला. लोकांचा हा राग मनात ठेवला, तर पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षे पगारी पोलिसांना एवढा विरोध का झाला ते समजते. चोर पकडणारा माणूस म्हणजे जीव विकणारा माणूस, असा त्या शहराचा अनुभव होता.

हेन्री फील्डिंग हे लंडनच्या बो स्ट्रीटवरच्या कचेरीचे मॅजिस्ट्रेट झाल्यावर त्यांनी १७४९ च्या सुमारास थोड्या विश्वासू माणसांची एक तुकडी बांधली. १७५४ मध्ये ते गेल्यावर त्यांचे सावत्र भाऊ जॉन फील्डिंग यांनी ती पुढे चालवली. जॉन तरुणपणापासून अंध होते. त्यांची खरी कामगिरी माझ्या मते माहितीची आहे. चोरीची खबर ताबडतोब बो स्ट्रीटला द्या, आम्ही वर्णन छापून सगळीकडे पाठवतो, हा त्यांचा आग्रह होता. आजच्या वायरलेस संदेशाचे आणि हवे असलेल्या आरोपींच्या यादीचे मूळ तिथे आहे. पण त्यांच्या माणसांनाही मुख्य कमाई बक्षिसांतून आणि खासगी कामातून होत असे. बाहेरगावच्या तपासासाठी त्यांना बोलावले तर दिवसाला एक गिनी आणि वर खर्च द्यावा लागे. १८१६ मध्ये बो स्ट्रीटच्याच गस्तीतला जॉर्ज व्हॉन नावाचा माणूस बक्षिसासाठी गुन्हे घडवून आणताना सापडला. त्याच वर्षी पार्लमेंटच्या समितीपुढे जॉन टाउनझेंड या मुरलेल्या बो स्ट्रीट अधिकाऱ्याने साक्ष दिली की, निकालावर बक्षीस अवलंबून असले तर अधिकाऱ्याच्या साक्षीवर त्याचा परिणाम होण्याचा धोका असतो. आपल्याच उत्पन्नाविरुद्ध दिलेली ही साक्ष आहे, म्हणून मी तिला फार मानतो. १८१८ मध्ये ही कायदेशीर बक्षिसे रद्द झाली.

मधल्या काळात, जून १७८० मध्ये, कॅथलिकांना दिलेल्या सवलतींविरुद्ध उसळलेल्या गॉर्डन दंगलीत न्यूगेट तुरुंग जळाला, बो स्ट्रीटच्या मॅजिस्ट्रेटचे घर लुटले गेले आणि शेवटी सैन्य आणावे लागले. शेकडो माणसे मेली. १७८५ मध्ये लंडनसाठी एकत्रित पोलिसांचे विधेयक आले, ते सिटी ऑफ लंडनच्या, म्हणजे स्वतंत्र कारभार असलेल्या जुन्या मध्यवर्ती शहराच्या, विरोधामुळे मागे घेतले गेले. त्याच धर्तीचा कायदा पुढच्या वर्षी डब्लिनला लागू झाला. १७९२ च्या कायद्याने लंडनमध्ये सात कचेऱ्या, प्रत्येकीत तीन पगारी मॅजिस्ट्रेट आणि थोडे कॉन्स्टेबल एवढे मात्र पदरात पडले.

टेम्स नदीकडे अधिक सावकाश पाहिले पाहिजे, कारण खर्चाचा प्रश्न तिथे सर्वांत स्पष्ट होतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस वेस्ट इंडीजची साखर, रम आणि कॉफी घेऊन येणारी जहाजे नदीच्या मधोमध नांगरून उभी राहत आणि माल होड्यांतून किनाऱ्यावर येई. उतरवणारे मजूर फुटलेल्या पिंपातली साखर, तळाशी सांडलेली कॉफी घरी नेत. कोळसा उतरवणारे थोडा कोळसा नेत, गोदीतले सुतार लाकडाचे ढलपे नेत. मजुरांच्या लेखी हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हक्क होता, आणि कमी मजुरीची ती भरपाई होती. व्यापाऱ्यांच्या लेखी ती चोरी होती. पॅट्रिक कोहून या मॅजिस्ट्रेटने नदीवरच्या चोरीचा वार्षिक हिशेब सुमारे पाच लाख पौंडांपर्यंत नेला. हा आकडा सावधपणे घ्यावा, कारण तो ज्या योजनेसाठी पैसे मागत होता तिच्याच समर्थनासाठी तयार झाला होता.

जॉन हॅरियट यांच्यासह कोहून यांनी २ जुलै १७९८ रोजी वॉपिंग येथे मरीन पोलीस सुरू केले. खर्चाचा मोठा भाग वेस्ट इंडीजच्या व्यापाऱ्यांच्या मंडळाने दिला. हे पोलीस नदीत होड्यांतून गस्त घालत, जहाजावर कोण चढतो-उतरतो ते पाहत, आणि माल उतरवण्याच्या कामावर व मजुरीच्या वाटपावरही देखरेख करत. म्हणजे मजुराच्या हक्काच्या मालावर आणि त्याच्या पगारावर एकाच खात्याची नजर होती, आणि त्या खात्याचा पगार मालक देत होता. १६ ऑक्टोबर १७९८ च्या रात्री कोळसा उतरवणाऱ्यांचा जमाव वॉपिंगच्या कचेरीवर चालून गेला. त्यांच्यातल्या काहींना कोळसा चोरल्याबद्दल नुकताच दंड झाला होता. खिडक्या फुटल्या, दोन्ही बाजूंची माणसे पडली. पोलिसांच्या बाजूने काम करणारा गेब्रिएल फ्रँक्स गोळी लागून काही दिवसांनी मेला. दोन वर्षांनी, १८०० मध्ये, सरकारने कायदा करून हे दल आपल्या खर्चात घेतले, आणि १८०२ मध्ये उंच भिंतींच्या आत वेस्ट इंडिया गोदी सुरू झाली. लंडनच्या नदीपोलिसांचे ठाणे आजही वॉपिंगलाच आहे. गुन्हे किती होते, असा प्रश्न कोणी विचारला तर मी नेहमी हे उदाहरण देतो. मजूर तेच, कोळसाही तोच. आदल्या दिवशी ज्याला ढलपे आणि सांडलवंड म्हणत होते, त्याला दुसऱ्या दिवशी चोरी म्हटले गेले आणि ती नोंदवायला पगारी माणूस उभा राहिला.

डिसेंबर १८११ मध्ये पूर्व लंडनमधल्या रॅटक्लिफ हायवे या रस्त्यावर बारा दिवसांच्या अंतराने दोन घरांत मिळून सात माणसांचे खून झाले. त्या वेळी जवळजवळच्या पॅरिशांनी आपापली बक्षिसे लावली, आपापल्या संशयितांना धरले, आणि एकाची माहिती दुसऱ्यापर्यंत धड गेली नाही. त्यानंतर समिती बसली, चर्चा झाली, पण दल उभे राहिले नाही. १८२२ मध्ये तर दुसऱ्या एका समितीने स्पष्ट मत दिले की, प्रभावी पोलीस आणि स्वतंत्र समाज यांचा मेळ बसणे अवघड आहे. इंग्रजांच्या डोळ्यांसमोर तेव्हा फ्रान्सचे हेर पोलीस होते.

पील यांचा मेट्रोपॉलिटन पोलीस कायदा १९ जून १८२९ रोजी झाला आणि २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी पहिल्या तुकड्या बाहेर पडल्या. चार्ल्स रोवन हे वॉटर्लूच्या लढाईत भाग घेतलेले सैनिक आणि रिचर्ड मेन हे वकील, असे दोन आयुक्त नेमले गेले. त्यांची कचेरी व्हाइटहॉल प्लेस येथे होती आणि मागचा दरवाजा ग्रेट स्कॉटलंड यार्डाकडे उघडत असे. शहराचे सतरा विभाग पाडले, प्रत्येकाला एक अक्षर दिले, प्रत्येक शिपायाला क्रमांक दिला. सिटी ऑफ लंडन यातून बाहेर राहिले आणि त्याने १८३९ मध्ये स्वतःचे दल उभे केले. वर्षभरात शिपायांची संख्या तीन हजारांच्या वर गेली. निळा लांब कोट, उंच टोपी, लाकडी दंडुका आणि मदतीला बोलावण्यासाठी लाकडी खुळखुळा असा सरंजाम होता. पगार आठवड्याला एकवीस शिलिंग. मनुष्यबळाचा मोठा भाग रात्रीच्या गस्तीवर असे, आणि ठरलेल्या चालीने ठरलेला बीट (नेमून दिलेला टापू) चालायचा, म्हणजे कुठल्या वेळी कोणता शिपाई कुठे असेल हे सार्जंटला ठाऊक असे. सुट्टीतही शिपायाला गणवेश घालावा लागे, कारण साध्या कपड्यातला पोलीस म्हणजे हेर, ही लोकांची भीती. मग तो कामावर आहे की नाही हे ओळखायचे कसे, म्हणून कामावर असताना मनगटाजवळ निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची फीत बांधायची पद्धत आली. ही फीत मी माझ्या प्रशिक्षणार्थींना मुद्दाम सांगत असे, कारण एवढ्याशा कापडावर त्या काळचा सगळा अविश्वास दिसतो. क्रमांक एकचा शिपाई पहिल्याच दिवशी दारू पिऊन सापडल्यामुळे काढून टाकला गेला आणि पहिल्या काही वर्षांत भरती झालेल्यांपैकी बहुतेक जण गेले. काही काढले गेले, काहींनी पायपीट सोसवेना म्हणून स्वतःच सोडले.

इथे एक दुरुस्ती करणे आवश्यक वाटते. आपल्याकडच्या प्रशिक्षण केंद्रांतही पील यांची नऊ तत्त्वे म्हणून जी यादी पाठ करून घेतली जाते, ती पील यांनी लिहिलेली नाही. ती विसाव्या शतकातल्या इतिहासलेखनातून आली आहे. १८२९ च्या मूळ सूचना आयुक्तांच्या होत्या, आणि त्यांत गुन्हा घडू न देणे हे मुख्य उद्दिष्ट म्हणून सांगितलेले होते.

आता पैशाकडे येऊ. नव्या दलाचा खर्च पॅरिशांवर बसवलेल्या पट्टीतून व्हायचा, पण दलावर पॅरिशांचा काहीच ताबा नव्हता, तो थेट गृहमंत्र्यांकडे होता. पूर्वी आमचे पहारेकरी आम्हीच नेमत होतो, आता आम्ही फक्त पैसे भरतो, ही तक्रार पॅरिशांच्या सभांमध्ये वर्षानुवर्षे चालली. १८३३ मध्ये सरकारी तिजोरीने खर्चाचा चौथा हिस्सा उचलला तेव्हा ती थोडी निवळली. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्डबाथ फील्ड्‌स येथे राजकीय हक्क मागणाऱ्या कामगारांच्या सभेवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि त्या गर्दीत रॉबर्ट कली नावाचा शिपाई भोसकला जाऊन मेला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या ज्युरीने तो समर्थनीय मनुष्यवध ठरवला आणि लोकांनी ज्युरीतल्या माणसांचा सत्कार केला. आपल्या शिपायाच्या मृत्यूवर गावाने टाळ्या वाजवाव्यात, हे वाचताना मला आजही त्रास होतो. पण ज्या दलाचे पैसे आपण भरतो आणि ज्याच्यावर आपला अधिकार नाही, त्याच्याकडे लोक तेव्हा कसे पाहत होते, हे त्यातून कळते.

गुन्हे कमी झाले का? इंग्लंड आणि वेल्समध्ये गंभीर गुन्ह्यांसाठी कोर्टापुढे पाठवलेल्या लोकांची संख्या १८०५ पासून सलग मिळते. त्या वर्षी ती सुमारे ४,६०० होती, आणि १८४२ मध्ये ३१,००० च्या वर. आकडे जसेच्या तसे वाचले तर देश बुडाला असे वाटेल. पण याच काळात फिर्यादीच्या खर्चाचा नियम बदलत गेला होता. १७५२ च्या कायद्याने शिक्षा झाल्यास गरीब फिर्यादीला खर्च मिळण्याची सोय झाली, पुढे ती वाढत १८२६ पर्यंत बरीच रुंदावली. फाशीचे गुन्हे, जे १८२० च्या सुमारास दोनशेहून अधिक होते, ते १८२० आणि १८३० च्या दशकांत झपाट्याने कमी केले गेले, त्यामुळे शेजाऱ्याला कोर्टात खेचताना मनाला लागणारी टोचणी उरली नाही. लोकसंख्या वाढली, १८१५ मध्ये नेपोलियनविरुद्धचे युद्ध संपल्यावर सैनिक घरी आले आणि बेकार झाले, हे तर आहेच. आणि १८२९ नंतर तक्रार घ्यायला, माल हुडकायला आणि आरोपीला धरून न्यायला पगारी माणूस होता. यातल्या कुठल्या कारणाने किती वाढ झाली, हे वेगळे काढता येत नाही, पण वाढलेला आकडा हा पोलीस निकामी असल्याचा पुरावा मुळीच नव्हे. ठाण्यात तक्रार नोंदवण्याची खिडकी रुंद केली की रजिस्टर जाड होते, हे माझ्या नोकरीत मी स्वतः पाहिले आहे. उलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पोलिसांची संख्या वाढत असताना, चोरी आणि हिंसा यांचे लोकसंख्येच्या मानाने नोंदलेले प्रमाण पहिल्या महायुद्धापर्यंत घसरत गेले. त्यात पोलिसांचा वाटा आहे, तसाच वाढलेल्या मजुरीचा, शाळांचा आणि स्थिरावलेल्या वस्त्यांचाही आहे.

भीती आणि आकडा यांचे नाते १८६२ मध्ये दिसले. त्या जुलैत पिल्किंग्टन नावाच्या खासदाराला पॉल मॉल रस्त्यावर गळा दाबून लुटले गेले. वर्तमानपत्रांनी लंडनभर असे लुटारू फिरत असल्याचे चित्र उभे केले, पोलिसांनी संशयितांवर कडक नजर ठेवली, आणि लगेच लुटीचे खटले वाढले. त्या वाढीवरून भीती खरी ठरली आणि १८६३ मध्ये अशा लुटीसाठी फटक्यांची शिक्षा देणारा कायदा झाला. तोवर लाट ओसरलेली होती.

रोजच्या गस्तीत मात्र खून आणि लूट फार थोडी होती. शिपायाचा दिवस फेरीवाल्यांना हलवण्यात, दारुड्यांना उचलण्यात, रस्त्यात पतंग उडवणाऱ्या, बर्फावर घसरगुंडी करणाऱ्या किंवा विनाकारण घंटा वाजवून पळणाऱ्या पोरांना हाकलण्यात जात असे. पोरांची ही कृत्ये १८३९ च्या मेट्रोपॉलिटन पोलीस कायद्याच्या ५४ व्या कलमात ओळीने दिलेली आहेत. त्याच कलमात शांततेचा भंग व्हावा या हेतूने सार्वजनिक जागी धमकीचे, शिवीगाळीचे किंवा अपमानकारक शब्द वापरणे हाही गुन्हा आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे ११२ वे कलम उघडून पाहावे. वाक्यरचना जवळजवळ तीच आहे. ज्यांनी ठाण्यात ११२/११७ च्या (११७ हे शिक्षेचे कलम) केसेस लिहिल्या आहेत, त्यांनी लंडनच्या फेरीवाल्यांसाठी आणि रस्त्यावरच्या पोरांसाठी घडवलेली भाषा लिहिली आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या इलाखा शहरांत पोलीस आयुक्तांची जी पद्धत आली, तिचा नमुनाही लंडनचाच होता. मुंबईला फ्रँक सूटर हे १८६४ मध्ये पहिले पोलीस आयुक्त झाले. जिल्ह्यांमध्ये मात्र आयर्लंडच्या सशस्त्र दलाचा वारसा अधिक आला, ही वेगळी आणि मोठी गोष्ट आहे.

तपासाच्या कामाला लंडनने सर्वांत उशिरा हात घातला. १८४२ मध्ये दोन इन्स्पेक्टर आणि सहा सार्जंट यांची गुप्तहेर शाखा झाली, तीही एका खुनाच्या तपासात झालेल्या गोंधळानंतर. १८७७ मध्ये त्या शाखेतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांवर घोड्यांच्या शर्यतींच्या नावाखाली फसवणूक करणाऱ्या टोळीकडून पैसे घेतल्याचा खटला चालला आणि तिघांना शिक्षा झाली. चोर पकडणारा आणि चोर यांच्यातला सौदा, जो वाइल्डच्या काळी कचेरी थाटून चाले, तो आता पगारी खात्याच्या आत सापडला. पुढच्या वर्षी शाखा मोडून हॉवर्ड विन्सेंट यांच्या हाताखाली सीआयडी उभी केली गेली.

खटला चालवण्याची जबाबदारी तर आणखी काही काळ कागदोपत्री फिर्यादीकडेच राहिली. सरकारी अभियोग संचालकाचे पद १८७९ च्या कायद्याने निर्माण झाले, आणि तेही निवडक प्रकरणांसाठी. बाकी खटले हळूहळू पोलीसच चालवू लागले. ओल्ड बेलीचे १८४० नंतरचे खटले वाचले की हा बदल न सांगता दिसतो. १७२५ मध्ये कॅथरीन स्टेथम स्वतः उभी राहून सगळी हकीकत सांगते, कोणाकडे गेली, काय बोलणे झाले, किती पैसे दिले. सव्वाशे वर्षांनी खिसा कापला गेलेला माणूस दोन-तीन ओळी बोलतो : माझा रुमाल गेल्याचे मला पोलिसाने सांगितले, हा रुमाल माझा आहे. त्यानंतर विभागाचे अक्षर आणि क्रमांक लावलेला शिपाई साक्षीला येतो, आणि आरोपीला कुठे पाहिले, किती लांब मागे गेलो, कसे धरले, अंगझडतीत काय मिळाले, हे सगळे तोच सांगतो.